सितिउंगला शेत घ्यावं का, आणि तिथे राहणं निभेल का?

मूळचे साताऱ्याचे आणि सध्या सिंगापूरला नोकरी करणारे एक गृहस्थ विचारतात: "माझी पत्नी इंडोनेशियन आहे, पश्चिम सुमात्रातल्या सितिउंगची. तिचे आजी-आजोबा गाव धरणात गेल्यामुळे जावाहून तिथे आले. सासू-सासरे अजून तिथेच आहेत, पामची (पामतेलाच्या झाडांची) बाग आहे. शेजाऱ्याने त्याचे २ हेक्टर विकायला काढलेत. आपल्याकडच्या जमिनीच्या मानाने किंमत अगदीच कमी वाटते. घ्यावी का? माझ्या नावावर होईल का? भाव वाढेल का? आणि पुढे नोकरी सोडून आम्ही तिथेच राहायला गेलो तर निभेल का?"

आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या घरातलं एक तरी माणूस तिथे कायम राहणार असेल, बागेत रोज नाही तरी आठवड्याला पाय टाकणार असेल, तर जरूर विचार करा. सिंगापुरात बसून भाव वाढायची वाट बघायची असेल, तर घेऊ नका. आणि जमीन तुमच्या नावावर होणार नाही, कुठल्याही आडमार्गाने नाही. सुमात्रातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या पाम आणि रबरच्या बागांवर सल्लागार म्हणून माझं बरंचसं काम झालं आहे, त्या भरवशावर पुढचं लिहितो.

सितिउंग हे आपोआप वाढलेलं गाव नाही, वसवलेलं आहे. मध्य जावातल्या वोनोगिरी जिल्ह्यात गाजाह मुंगकुर धरण बांधायला घेतलं, त्यात ५१ गावं आणि ६० हजारांहून अधिक माणसं उठली. त्यातली पुष्कळ कुटुंबं १९७६ पासून सुमात्रात आणली गेली. गावंच्या गावं एकदम हलवली, सरपंच, शेजारी, भाऊबंद सगळे एकत्र. तुम्ही साताऱ्याचे, म्हणजे कोयनेचे धरणग्रस्त कुठे कुठे विखुरले, दोन पिढ्यांनंतरही त्यांच्या जमिनीच्या कागदांचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिथेही सगळा इतिहास त्या वाटपापासून सुरू होतो. (जावाची दाट वस्ती बाहेरच्या बेटांवर नेण्याचा उद्योग मात्र त्याहून जुना. डच सरकारने १९०५ मध्ये लांपुंगमधल्या गेदोंग तातानला पहिली वसाहत केली. स्वातंत्र्यानंतर हाच कार्यक्रम 'ट्रान्समिग्रासी' या नावाने चालला आणि राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात सर्वांत मोठा झाला.)

वाटप साधारण २ हेक्टरचं असे. पाव हेक्टर घर आणि परसू, बाकीचं शेत दोन तुकड्यांत. फळ्यांचं घर, वर पत्रा, आणि पहिलं वर्ष-दीड वर्ष सरकारी शिधा. आखीव रस्ते, दोन्ही बाजूंना सारख्या मापाचे प्लॉट. आजही गावात शिरलात की सरळ रेषेतल्या रस्त्यांवरून हे वसवलेलं गाव आहे हे लगेच कळतं, जरी फळ्यांच्या घरांच्या जागी आता टाइल्सची पक्की घरं आली असली तरी.

पहिल्या पिढीचे हाल जमिनीने केले. जावाची ज्वालामुखीची काळी सुपीक माती सोडून ही माणसं तांबड्या-पिवळ्या, झिजलेल्या, आम्लधर्मी मातीवर आली. पीएच साडेचारच्या आसपास, मातीत विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांना जाळतं आणि स्फुरद धरून ठेवतं. जंगल तोडून जाळल्यावर राखेच्या जोरावर पहिलं पीक बरं येई, मग भात, मका, भुईमूग उतरत जाई. चुना टाकल्याशिवाय भुईमुगाच्या शेंगा पोचट. ऐंशीच्या दशकात सितिउंगच्या मातीवर परदेशी विद्यापीठांनी येऊन मोठं संशोधन केलं ते याचसाठी. शेवटी तारलं ते झाडांनी. आधी रबर, मग पाम. दोन्ही झाडं आम्ल माती सहन करतात आणि इथला पाऊस त्यांना मानवतो. हे मुद्दाम सांगतो, कारण 'जमीन स्वस्त आहे, भाजीपाला, हळद, ऊस काहीही लावू' असा विचार तुमच्या मनात असेल तर तो काढून टाका. ती माती तुमच्या कृष्णाकाठची नाही.

आता जमीन मुळात कोणाची होती ते बघा, कारण पुढचे निम्मे वाद तिथूनच निघतात. सितिउंग ज्यात येतं तो धर्मास्राया जिल्हा मिनांगकाबाऊ लोकांचा मुलूख. त्यांच्यात जमीन कुळाची, आईकडून मुलीकडे जाणारी, आणि तिचा कारभार मामा बघतो. कुळाची ही सामाईक जमीन विकता येत नाही. गहाण टाकायलासुद्धा रीतीने चारच कारणं मान्य: घरात प्रेत पडलंय आणि अंत्यविधीला पैसा नाही, वयात आलेल्या मुलीचं लग्न अडलंय, कुळाचं मोठं घर गळतंय, किंवा कुळाच्या प्रमुखाचं रिकामं पडलेलं पद पुन्हा उभं करायचंय. अशी जमीन वसाहतीसाठी सरकारकडे गेली ती कुळप्रमुखांच्या संमतीने, पण त्या संमतीत नेमकं काय होतं, सीमा कुठे होती, मोबदला कोणाला पोचला, यावर नातवंडांच्या पिढीत भांडणं होतात. मूळ आखीव प्लॉट असेल तर धोका कमी. वसाहतीच्या कडेला, नंतर कोणीतरी साफ करून लावलेली बाग असेल तर धोका पुष्कळ. विकणाऱ्याचे २ हेक्टर यातले नक्की कुठले, हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा. किंमत 'अगदीच कमी' असण्याचं कारण बहुधा इथेच सापडतं.

तुमच्या नावाचं बोलू. इंडोनेशियाचा १९६० चा मूळ जमीन कायदा सांगतो की पूर्ण मालकी, ज्याला तिथे 'हाक मिलिक' म्हणतात, फक्त इंडोनेशियन नागरिकालाच. परदेशी माणसाला ती वारसाने किंवा लग्नामुळे मिळाली तरी एका वर्षात सोडावी लागते, नाहीतर जमीन सरकारजमा. आणि एखाद्या स्थानिकाच्या नावावर घेऊन आतून 'खरा मालक मी' असा कागद करून ठेवला, तर तो व्यवहारच रद्द ठरतो, जमीन सरकारकडे जाते, दिलेला पैसाही परत मागता येत नाही. बालीत अनेक परदेशी लोक यात बुडाले आहेत. कोणी दलाल तुम्हाला 'कायमचं मुखत्यारपत्र करून देतो' म्हणाला तर तिथूनच उठा. रद्द न करता येणारं असं मुखत्यारपत्र जमिनीच्या बाबतीत १९८२ पासून बंद आहे. राहत्या घरासाठी परदेशी माणसाला वापरहक्क मिळतो, पण त्याला किमान किमतीच्या अटी असतात, गावातल्या शेतासाठी तो व्यवहारात उपयोगाचा नाही. कंपनी काढायची तर परदेशी गुंतवणुकीची अट १० अब्ज रुपियांच्या (रुपिया हे तिथलं चलन) वरची, तीही जमीन आणि इमारत सोडून. २ हेक्टरसाठी तो विषयच नाही.

मग राहिली तुमची पत्नी. इथे बहुतेक मिश्र जोडपी फसतात. १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची सामाईक. सामाईक म्हणजे त्यात तुमचा, परदेशी माणसाचा हिस्सा आला, म्हणजे तिलाही हाक मिलिक घेता येत नाही. यातून वाट एकच, मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. २०१६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की लग्नानंतरही करता येईल. नोटरीसमोर करायचा आणि विवाह नोंदणी कार्यालयात त्याची नोंद करून घ्यायची. नोंद झाली नाही तर त्रयस्थांवर तो लागू होत नाही, हे विसरू नका. तुमचं लग्न सिंगापूरला झालं असेल आणि इंडोनेशियात नोंदच केली नसेल, तर सुरुवात तिथून करा.

या कराराचा अर्थ नीट समजून घ्या. पैसा तुमचा असला तरी जमीन पूर्णपणे तिची. उद्या दोघांचं बिनसलं तर त्या जमिनीवर तुमचा दावा नाही. हे तुम्हाला मनापासून मान्य असेल तरच पैसे घाला. मी याकडे असं बघायला सांगेन की हा पैसा तुम्ही तुमच्या बायकामुलांना दिला आहे. दुसरं, पत्नीने सिंगापूरचं किंवा भारताचं नागरिकत्व घेतलं तर तिलाही एका वर्षात जमीन सोडावी लागेल. आईवडिलांची जमीन तिला वारसाने येईल ती मात्र सामाईक धरली जात नाही, फक्त तिचं इंडोनेशियन नागरिकत्व टिकलं पाहिजे. मुलं इंडोनेशियन नागरिक असतील तर त्यांना वारसा मिळू शकतो. मिश्र लग्नातल्या मुलांना तिथे दुहेरी नागरिकत्व मिळतं ते मर्यादित, १८ वर्षांनंतर तीन वर्षांच्या आत एक निवडावं लागतं. ही निवड आणि जमिनीचं भवितव्य एकमेकांत गुंतलेलं आहे, हे मुलांना वेळेवर सांगा.

आणि आता ती अट, जी बाहेरच्यांना कोणी सांगत नाही. शेतजमिनीचा मालक त्याच उपजिल्ह्यात, म्हणजे 'कचामातान'मध्ये, राहणारा असला पाहिजे, असा नियम १९६१ पासून आहे. लगतच्या उपजिल्ह्याला सवलत, काही सरकारी नोकरांना सवलत. बाकी, गाव सोडून गेलात तर जमीन विका किंवा परत या. अंमलबजावणी ढिली आहे हे खरं. पण खरेदीखत करणारा अधिकारी आणि भूमी कार्यालय ओळखपत्रावरचा पत्ता बघतात. तुमच्या पत्नीचं ओळखपत्र अजून सितिउंगचं आहे की जकार्ताचं करून घेतलंय, यावर नोंद अडू शकते. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, तिथे न राहणाऱ्याला. मला हा नियम योग्य वाटतो. ज्या गावांत बाहेरच्या व्यापाऱ्यांनी प्लॉट गोळा केले, तिथे जुन्या वसाहतवाल्यांची मुलं आपल्याच आजोबांच्या बागेत रोजंदारीवर घड तोडताना मी पाहिली आहेत.

कागद तपासायचे ते असे. भूमी कार्यालयाने, म्हणजे 'बेपेएन'ने दिलेलं मालकीचं सर्तिफिकात असेल तर उत्तम. ते खरं आहे का, त्यावर बोजा आहे का, याची तपासणी कार्यालयातूनच करून घ्या. पुष्कळ शेतकऱ्यांचं सर्तिफिकात बँकेत गहाण असतं आणि हातात नुसती झेरॉक्स. सरपंचाने दिलेला दाखला, जुनी करपावती, हे मालकीचे पुरावे नाहीत. जुन्या पारंपरिक कागदांची नोंदणी करून घ्यायला २०२१ च्या नियमाने पाच वर्षांची मुदत दिली होती, ती फेब्रुवारी २०२६ ला संपली. त्यानंतर ते कागद फक्त माहितीपुरते. वसाहतीतल्या मूळ वाटपाच्या जमिनीवर ठरावीक वर्षं विक्रीबंदी असते, आपल्याकडच्या भोगवटादार वर्ग २ सारखी. सितिउंगच्या जुन्या प्लॉटना ती मुदत कधीच उलटली असणार, पण नंतर वाटलेल्या तुकड्यांना लागू असू शकते. वाटपाचं वर्ष विचारून घ्या.

सर्वांत घातक बाब कागदावर दिसतच नाही: वनहद्द. सुमात्रात अनेक बागा, कधी अख्खी गावं, सरकारी नकाशावर वनक्षेत्रात आहेत. तिथे तीस वर्षांची बाग असली तरी मालकी मिळत नाही, आणि २०२५ पासून सरकारने वनक्षेत्रातल्या पाम लागवडी ताब्यात घेण्याची मोहीम लावली आहे. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांचे जीपीएस बिंदू घ्या आणि जिल्ह्याच्या कार्यालयातून वननकाशावर पडताळून घ्या. हे बिंदू पुढेही कामाला येतील. युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी कायद्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल चालत नाही, म्हणून पामतेलाच्या गिरण्या आता बागेचा नेमका ठावठिकाणा मागू लागल्या आहेत.

व्यवहार ठरला तर खरेदीखत अधिकृत जमीन-दस्त अधिकाऱ्यासमोरच करा. घेणाऱ्याला ५ टक्क्यांपर्यंत कर, विकणाऱ्याला अडीच टक्के. 'दोघांचा कर वाचवू, सरपंचासमोर पावती करू' हे गावात सर्रास चालतं. त्या पावतीने जमीन तुमच्या पत्नीच्या नावावर होत नाही.

कागद झाले, आता झाडं बघा. हे काम सासऱ्यांना बरोबर घेऊन, सकाळच्या वेळी करा. जमिनीवर पडलेलं पिकलं फळ उचला आणि चाकूने आडवं कापा. आत बी, तिच्याभोवती कवची, बाहेर केशरी गर. कवची पातळ आणि गर जाड असेल तर रोप संकरित, चांगलं. कवची दोन-तीन पट जाड आणि गर कमी, तर ते साधं झाड. निदान वीस-तीस झाडांखालची फळं कापून बघा. जाड कवचीची बरीच निघाली, तर मूळ मालकाने स्वस्तात मिळाली ती रोपं लावली आहेत. असा माल गिरणी ओळखते आणि भाव पाडते. वीस वर्षं तुम्ही कितीही खत घाला, तेल वाढणार नाही.

मग वय. पाम तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतो, सातव्यापासून अठराव्यापर्यंत जोरात असतो, पंचविशीला काढायचा. झाड उंच झालं की लांब दांड्याला लावलेला कोयता वर पोचत नाही, तोडणी महाग आणि धोक्याची होते. सितिउंग भागात विकायला निघणाऱ्या बागा बहुधा याच वयाच्या. म्हणजे तुम्ही बाग विकत घेत नाही, बाग तोडून नवी लावायचं काम विकत घेत आहात, आणि तीन वर्षं उत्पन्न शून्य. पुनर्लागवडीसाठी सरकारी निधीतून हेक्टरी अनुदान मिळतं, २०२४ मध्ये ते ३ कोटी रुपियांवरून ६ कोटी रुपिया झालं (आपले साधारण तीन-सव्वातीन लाख रुपये). पण त्यासाठी शेतकरी गटात असावं लागतं आणि जमिनीचे कागद स्वच्छ लागतात. गटात जागा मिळते ती गावात वावरणाऱ्याला. बुंध्याशी अळिंबीसारखी कवकं उगवलेली दिसली तर सावध व्हा. तो गानोडर्मा, बुंधा कुजवणारा बुरशीचा रोग. जुन्या बागेत असेल तर नव्या लागवडीतही येतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही.

उत्पन्नाचा हिशेब ढोबळच मांडतो. समजा बाग भर वयात आहे, हेक्टरी वर्षाला १५ टन घड निघतात, भाव किलोला २,००० रुपिया. दोन हेक्टरांचे ६ कोटी रुपिया. तोडणी, वाहतूक, खत, तणनियंत्रण यांत निम्मे जातात. हातात ३ कोटी, म्हणजे आपले दीड-पावणेदोन लाख रुपये, वर्षाचे. हा झाला घरचा माणूस उभा असतानाचा आकडा. मालक लांब असेल तर काय होतं ते क्रमाने सांगतो. घड दर दहा-पंधरा दिवसांनी तोडावे लागतात; मजूर वेळेवर येत नाही, एक फेरी चुकते, पिकलेली फळं गळून पडतात. गळलेली फळं वेचणं कंटाळवाणं काम, पण सर्वांत जास्त तेल त्यांतच. ती कोणी वेचत नाही, किंवा वेचून दुसरीकडे विकतात. तोडलेला घड एक-दोन दिवसांत गिरणीत गेला नाही तर तेल खराब होतं, म्हणून पावसात रस्ता बसला की माल पडेल भावाने जातो. काट्यावर कडता (वजनातली कपात) लागतो, तो किती हे समोर उभं राहणाऱ्यालाच कळतं. आणि पालाशाचं खत महाग, ते पाठवलेल्या पैशात अर्धंच पडतं. दोन-तीन वर्षांत उतारा हेक्टरी १० टनांखाली. खर्च तोच, हातात येणारं एक तृतीयांशाहून कमी.

भावाची खात्री कोणी देऊ नये. २८ एप्रिल ते २३ मे २०२२ या काळात सरकारने पाम तेलाची निर्यात बंद केली, तेव्हा जगात तेल महाग असताना इथल्या शेतकऱ्याचा घड मातीमोल झाला, कित्येक गिरण्यांनी माल घेणंच थांबवलं. त्याआधी २०११ नंतर रबर असाच कोसळला आणि वर्षानुवर्षं उठला नाही. प्रांताचं कृषी खातं घडांचा दर जाहीर करतं, पण तो गिरणीशी करार असलेल्या शेतकऱ्यांसाठी. सुट्या शेतकऱ्याला व्यापारी त्याहून कमीच देतो. चलनही बघा: २०१० च्या सुमारास डॉलरला ९ हजार रुपिया होते, २०२४ मध्ये १६ हजारांच्या आसपास. जमिनीचा भाव गावात वाढलेला दिसला तरी परक्या चलनात कमावणाऱ्याला तो वाढलाच असं नाही. माझा अंदाज विचाराल तर पाच-सहा वर्षांच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा जास्त किंमत अशा बागेला देऊ नये, आणि बाग म्हातारी असेल तर फक्त जमिनीची किंमत लावावी.

राहण्याबद्दल मात्र मी तुम्हाला परावृत्त करणार नाही. चांगलं आयुष्य आहे ते. घरात जावानीज, बाजारात मिनांग, कार्यालयात इंडोनेशियन, अशा तीन भाषा कानावर पडतील. बोलायला इंडोनेशियन पुरते आणि ती वर्षभरात येते. मोठ्यांना 'पाक' आणि 'बू', बरोबरीच्या जावानीज माणसाला 'मास', मिनांग असेल तर 'उदा', एवढं धरलंत तरी लोक आपलंसं करतात. खाण्यात भात, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, सुरणासारख्या कंदांची नि कसाव्याच्या पानांची भाजी, शेंगदाण्याच्या चटणीतल्या पालेभाज्या. मांसाहार करत नसाल तरी उपाशी राहणार नाही, डाळ मात्र शहरातून आणावी लागेल.

गाव तुम्हाला जोखणार आहे ते कामावर. रस्त्याची साफसफाई, रात्रीची गस्त, कोणाकडे लग्न किंवा मयत असलं की बायकांनी जाऊन स्वयंपाकाला हात लावणं, आहेराच्या वहीत कोणी किती तांदूळ, किती पैसे दिले याची नोंद आणि वेळ आली की तेवढी परतफेड. यातून सुटका पैसे देऊन होत नाही. जो येतो त्याच्या बागेवर शेजारी नजर ठेवतात, चोरी झाली तर आधी तेच कळवतात. मूळ मिनांग लोकांशी नातंही असंच जपावं लागतं. त्यांच्यात बाहेरून आलेल्याला रीतीप्रमाणे एखाद्या कुळप्रमुखाच्या आश्रयाने समाजात सामावून घेण्याची पद्धत आहे. सासऱ्यांच्या घराचं तसं नातं कोणाशी आहे ते विचारा. काही अडलं तर न्यायालयाआधी तोच माणूस उपयोगी पडतो. आणि जावाच्या माणसाचं इथे येणंही आजकालचं नाही. १२८६ मध्ये जावाच्या राजाने अमोघपाश या बौद्ध देवतेची मूर्ती याच धर्मास्रायाला पाठवली होती, तिचा लेख कोरलेला बैठकीचा दगड बातांग हारी नदीकाठच्या पाडांग रोचोला सापडला. ती जागा एकदा जाऊन बघा.

कमी काय आहे तेही सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी आरोग्य केंद्र, जिल्ह्याला सरकारी रुग्णालय, पण हृदयाचं, मेंदूचं काही झालं तर प्रांताची राजधानी पाडांग. त्या वाटेवर सितिंजाऊ लाउइकचं खडं वळण, जिथे ट्रक अडकले की तासन्‌तास रस्ता बंद. साठीनंतर राहायला जायचं असेल तर याचा विचार आधी करा. शाळा ठीक आहेत. आंदालास विद्यापीठाने धर्मास्रायात शेतीशिक्षणाचा परिसरही काढला आहे. तरी बहुतेक तरुण मुलं बाताम, जकार्ता गाठतात, आणि तोडणीला माणूस मिळत नाही याचं कारण तेच. नदीच्या काठाला सोन्याचं बेकायदा उत्खनन चालतं, पाणी गढूळ आणि पाऱ्याचं भय. घराची विहीर त्यापासून लांब असू द्या. परवान्याची अडचण नाही: पत्नीच्या जामिनावर मुदतीचा वास्तव्य परवाना मिळतो, लग्नाला दोन वर्षं झाल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

तुमच्या जागी मी असतो तर शेजाऱ्याच्या बागेला हात लावण्याआधी सासऱ्यांच्या बागेकडे बघितलं असतं. ती कधी लावली? पंचविशी गाठली असेल तर पुनर्लागवडीचा अर्ज सासरे हयात असताना, त्यांच्या नावाने, त्यांच्या गटातून करणं सर्वांत सोपं. अनुदानात न बसणारा खर्च, चांगली प्रमाणित रोपं, पहिल्या तीन वर्षांचं खत, मधल्या ओळींत मका-भुईमूग घ्यायला डोलोमाइट, यासाठी तुमचा पैसा घाला. त्यात मालकीचा प्रश्नच येत नाही, आणि त्या तीन वर्षांत तुम्ही दोघं सुट्टी काढून तिथे जाऊन राहिलात तर गाव आणि शेती दोन्ही तुम्हाला झेपतं का ते कळेल. पत्नीला भाऊ-बहिणी असतील तर आईवडिलांची जमीन पुढे कोणाकडे जाणार हे आत्ताच, सगळे बसून, लिहून ठेवा. जो भाऊ गावात राहून बाग बघतो त्याचा वाटा जास्त ठेवायची तयारी तुमच्याकडून आधी दाखवा. शेजाऱ्याची बाग तोवर खंडाने मिळते का विचारा. खरेदीची घाई त्याला असेल, तुम्हाला नाही.